रोजच्या गाडीतला टर्बो : ताकदीला शिस्त लावण्याची पाऊणशे वर्षे

१/२४
१९६२ साली अमेरिकेत एक मोटार विक्रीस आली. तिच्या मालकाने पेट्रोल, ऑइल आणि पाणी यांखेरीज आणखी एक द्रव नियमाने भरत राहावा, अशी अपेक्षा होती. मालक विसरले. तीनच वर्षांनी कंपनीने त्या गाड्यांचा टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली. पुढे पंधरा वर्षांनी स्वीडनमधल्या एका छोट्या कंपनीने तेच यंत्र आपल्या गाडीत बसवले आणि ते टिकले. या दोन घटनांमध्ये नेमके काय बदलले, त्याचा हा धागा.

२/२४
आधी यंत्राची ओळख करून घेऊ. इंजिनाची ताकद ठरते ती सिलिंडरमध्ये किती हवा शिरते यावर, कारण जितकी हवा तितकेच इंधन नीट जळते. टर्बोचार्जरमध्ये एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रे असतात. बाहेर पडणारा तप्त धूर पहिले चक्र फिरवतो आणि दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. वाया जाणाऱ्या धुराकडूनच काम करून घ्यायचे, एवढीच ती कल्पना.

३/२४
ही कल्पना स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याची. इंधनातल्या उष्णतेचा फार मोठा वाटा धुराबरोबर निघून जातो, हे त्याला सलत होते. नोव्हेंबर १९०५ मध्ये त्याने जर्मनीत पेटंट नोंदवले. कल्पना निर्दोष होती, पण धुराच्या उष्णतेत तग धरतील असे धातू आणि त्या वेगाला पुरून उरतील असे बेअरिंग त्या काळी नव्हते. कागदावरची आकृती व्यवहारात उतरायला वीस वर्षे गेली.

४/२४
१९२६ च्या सुमारास ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेस्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर ब्यूखीच्या देखरेखीखाली टर्बोचार्जर बसले. दहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाची ताकद १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० वर गेली. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. जहाजाचे इंजिन तासन्‌तास एकाच वेगाने चालते आणि त्याच्या शेजारी प्रशिक्षित अभियंता दिवसरात्र पहारा देतो. टर्बोला असे लाडाचे घर पुन्हा क्वचितच मिळाले.

५/२४
विमानांनी त्याला दुसरे घर दिले. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम जातो. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस याने लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४ हजार फुटांहून उंच शिखरावर नेले. समुत्तलावर ३५० अश्वशक्ती देणारे इंजिन तिथे २३० वर आले होते. टर्बो जोडताच गेलेली ताकद परत आली. दुसऱ्या महायुद्धात २५ हजार फुटांवरून उडणाऱ्या बी-१७ बाँबर विमानांमागे हाच प्रयोग उभा होता.

६/२४
पण विमानाचे इंजिन प्रत्येक उड्डाणानंतर मेकॅनिक तपासतात आणि ठरावीक तासांनी ते पूर्ण उघडले जाते. मोटारीचे जीवन अगदी निराळे. सकाळी थंड इंजिन सुरू करायचे, सिग्नलला थांबायचे, एकदम वेग घ्यायचा आणि घरी पोहोचताच चावी फिरवून मोकळे व्हायचे. पेट्रोल मिळेल ते, ऑइल आठवेल तेव्हा. जहाजाचा अभियंता नाही, विमानाचा मेकॅनिक नाही. मग या यंत्रावर लक्ष ठेवणार कोण? पुढचा सारा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

७/२४
रोजच्या गाडीत टर्बोचे तीन शत्रू असतात. पहिला, उष्णता : पेट्रोल इंजिनाचा धूर ९०० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो. दुसरा, नॉकिंग : दाबलेली हवा तापते आणि सिलिंडरमधले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपसूक पेटते. तो टणटण आवाज म्हणजे पिस्टनवर पडणारे हातोडेच. तिसरा, उशीर : ॲक्सलरेटर दाबल्यावर चक्राला वेग येईपर्यंत गाडी सुस्त राहते आणि मग अचानक उसळते. यालाच टर्बो लॅग म्हणतात.

८/२४
मोटारींच्या जगात टर्बोची लाज निघण्याचा एक प्रसंग १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीतला. कमिन्स कंपनीच्या टर्बो डिझेल गाडीने पात्रता फेरीत सर्वांना मागे टाकून पहिली जागा पटकावली. चालक होता फ्रेड आगाबाशियन. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र ७१ व्या फेरीला गाडी थांबली. हवा ओढणारे तोंड खाली, जमिनीलगत होते आणि त्यात ट्रॅकवर पडलेल्या टायरच्या रबराचे कण अडकले. इंजिन भक्कम होते, पण श्वासनलिकेकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

९/२४
जाता जाता एक मराठी धागा. याच कमिन्स कंपनीने १९६२ मध्ये किर्लोस्करांशी भागीदारी करून पुण्यात डिझेल इंजिनांचा उद्योग उभा केला. कोथरूडच्या त्या कारखान्याने शहराच्या औद्योगिक घडणीत मोठा वाटा उचलला. तिकडे अमेरिकेत नेमक्या त्याच वर्षी टर्बो प्रथमच सामान्य ग्राहकाच्या पेट्रोल मोटारीत शिरत होता.

१०/२४
१९६२ मध्ये जनरल मोटर्सने काही आठवड्यांच्या अंतराने दोन टर्बो गाड्या बाजारात आणल्या : शेवरोलेची कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबाइलची जेटफायर. मालक एकच, पण विचार परस्परविरोधी. कॉर्व्हेअरच्या अभियंत्यांनी नॉकिंग टाळण्यासाठी कॉम्प्रेशन रेशो ८ वर उतरवला आणि १५० अश्वशक्तीवर समाधान मानले. ओल्ड्समोबाइलने तो १०.२५ इतका चढा ठेवला. साडेतीन लिटरचे इंजिन म्हणजे २१५ घन इंच, आणि त्यातून २१५ अश्वशक्ती. जाहिरातीला यापेक्षा देखणा आकडा कुठला?

११/२४
इतक्या चढ्या दाबात नॉकिंग अटळ होते. त्यावर उपाय म्हणून जेटफायरमध्ये ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ नावाचा द्रव आला. निम्मे शुद्ध पाणी, निम्मे मिथाइल अल्कोहोल आणि थोडे गंजरोधक. टर्बोचा दाब वाढला की हा द्रव हवेत फवारला जाई, वाफ होताना उष्णता शोषून घेई आणि मिश्रण थंड राही. युद्धकाळातल्या विमान इंजिनांत हीच युक्ती उत्तम चालली होती. रसायनशास्त्र बिनचूक होते, पण गणितातून माणूस सुटला होता.

१२/२४
टाकी रिकामी झाली तर टर्बोचा दाब आपोआप रोखला जावा, अशी सोय गाडीत होती. म्हणजे इंजिन वाचे, पण ज्या ताकदीसाठी जादा पैसे मोजले ती नाहीशी होई. बरेच मालक द्रव भरत नसत आणि मग गाडी चालत नाही म्हणून तक्रार घेऊन येत. दोन वर्षांत दहा हजारांहूनही कमी जेटफायर बनल्या. १९६५ मध्ये कंपनीने टर्बो काढून देण्याचा मार्ग पत्करला. कमी महत्त्वाकांक्षी कॉर्व्हेअर टर्बो मात्र १९६६ पर्यंत विकली गेली.

१३/२४
या पराभवातून निघणारा धडा साधा आहे. ज्या यंत्राची सुरक्षितता मालकाच्या स्मरणशक्तीवर उभी असते, ते रोजच्या वापराचे यंत्र नव्हे. दोष आळशी मालकाचा म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण दूध आणायला निघालेला माणूस वैमानिकासारखी तपासणी-यादी वाचणार नाही, हे आधीच गृहीत धरणे हे अभियंत्याचेच काम. हा धडा उद्योगाच्या अंगवळणी पडायला आणखी दीड दशक गेले.

१४/२४
सत्तरच्या दशकात युरोपने टर्बो पुन्हा हाती घेतला, पण शर्यतीच्या वाटेने. १९७३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात बीएमडब्ल्यू २००२ टर्बो झळकली. ताकद १७० अश्वशक्ती. कॉम्प्रेशन रेशो ६.९ इतका उतरलेला, त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत गाडी मरगळलेली. पुढच्याच महिन्यात तेलसंकट कोसळले आणि १,६७२ गाड्यांवर उत्पादन आटोपले. १९७४ मध्ये पॅरिसला आलेली पोर्शे ९११ टर्बो २६० अश्वशक्तीची. ती अजरामर झाली खरी, पण ऐन वळणात ताकद उसळण्याच्या खोडीमुळे निष्णात चालकही तिला वचकून असत.

१५/२४
आता स्वीडन. साब ही मुळात विमाने बनवणारी कंपनी आणि मोटारींच्या धंद्यात अगदी लहान. तिला अधिक ताकदीची गाडी हवी होती, पण नवे सहा किंवा आठ सिलिंडरांचे इंजिन घडवण्याइतका पैसा नव्हता. मात्र १९६९ मध्ये ती स्कानिया-व्हाबिस या ट्रक कंपनीशी एकत्र आली होती आणि ट्रकवाल्यांना टर्बो डिझेलचा दांडगा अनुभव होता. ट्रकचालकाला वेगाचे कौतुक नसते. त्याला चढावर, कमी फेऱ्यांवर ओढ हवी असते आणि इंजिन लाखो किलोमीटर टिकायला हवे असते.

१६/२४
साबचा अभियंता पेर गिलब्रांड याने टर्बोचा प्रश्न त्याच नजरेतून मांडला. जास्तीत जास्त ताकद किती, हे त्याने विचारलेच नाही. गाडी रोज ज्या वेगाने चालते, त्या वेगाला टर्बो कामाला कसा येईल, हा त्याचा प्रश्न होता. म्हणून त्याने लहान टर्बो निवडला, कारण हलके चक्र लवकर वेग घेते. आणि लहान टर्बो वरच्या वेगाला बेफाम होऊ नये म्हणून वेस्टगेट, म्हणजे जादा धूर बाजूने सोडून देणारी झडप. धरण भरले की दरवाजे उघडतात, तसेच हे.

१७/२४
१९७७ मध्ये फ्रँकफर्टला साब ९९ टर्बो सादर झाली. दोन लिटरचे इंजिन, टर्बोचा दाब साधारण ०.७ बार. इंधन फवारणीच्या साध्या आवृत्तीची ११८ अश्वशक्ती टर्बोमुळे १४५ झाली. वाढ पाव पटीहूनही कमी! शर्यतीचे लोक हसले असतील. पण सर्वाधिक ओढ मिळे ती ३,००० फेऱ्यांवर, म्हणजे ओव्हरटेक करताना जिथे ती लागते नेमकी तिथेच. विक्रीआधी कंपनीने शंभर गाड्यांचा ताफा चाचणीसाठी रस्त्यावर उतरवला होता.

१८/२४
याच सुमारास मर्सिडीझ-बेंझने दुसरी वाट चोखाळली. १९७८ ची ३०० एसडी ही अमेरिकी बाजारासाठीची टर्बो डिझेल मोटार. डिझेलमध्ये इंधन ऐनवेळी फवारले जाते, त्यामुळे पेट्रोलसारखे नॉकिंग आड येत नाही. धूरही तुलनेने थंड असतो. टर्बोचा खरा जोडीदार डिझेलच. तरीही मर्सिडीझने जुन्या पाच सिलिंडरांच्या इंजिनाला नुसता टर्बो डकवला नाही. पिस्टनच्या पोटावर गार ऑइलचा फवारा मारण्याची सोय केली आणि आतले भाग मजबूत केले. लाखो किलोमीटर चालणारे इंजिन म्हणून त्याची ख्याती झाली.

१९/२४
पेट्रोल टर्बोपुढचा अखेरचा अडसर होता नॉकिंग. अमेरिकेत ब्यूइकने १९७८ मध्ये नॉकिंग ओळखून ठिणगी लांबवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आणली. साबने त्यापुढचे पाऊल टाकले. १९८२ च्या मॉडेलांत ‘एपीसी’ ही प्रणाली आली. इंजिनाच्या अंगावर बसवलेला सेन्सर नॉकिंगची चाहूल घेई आणि वेस्टगेटमार्फत टर्बोचा दाब क्षणात उतरवला जाई. हलके पेट्रोल भरले तर ताकद थोडी घटे, पण इंजिन शाबूत राही. त्यामुळे कॉम्प्रेशन रेशो ७.२ वरून ८.५ वर नेता आला आणि टर्बो जागा होण्याआधीचा सुस्तपणाही कमी झाला.

२०/२४
जेटफायर आणि एपीसी शेजारी ठेवून पाहा. दोघांचा शत्रू एकच, नॉकिंग. एकीने मालकाला म्हटले, ‘तू द्रव भरत राहा.’ दुसरीने म्हटले, ‘तू काहीही भर, मी ऐकत आहे.’ जहाजावरचा तो पहारेकरी अभियंता अखेर मोटारीत आला, तो एका सेन्सरच्या रूपाने. ब्यूखीच्या पेटंटनंतर ७७ वर्षांनी ‘लक्ष ठेवणार कोण’ या प्रश्नाला उत्तर मिळाले.

२१/२४
ते टिकाऊ होते याचा पुरावा? ऑक्टोबर १९८६. अमेरिकेतला टॅलाडेगा ट्रॅक. तीन साब ९००० टर्बो सुमारे वीस दिवस, दिवसरात्र पळवल्या गेल्या. प्रत्येकीने १,००,००० किलोमीटर कापले. थांबे ते इंधन, चालकबदल आणि देखभालीपुरतेच. सर्वांत वेगवान गाडीची सरासरी थांबे धरून ताशी २१३ किलोमीटर पडली. नऊ वर्षे आधी, १९७७ मध्ये, रेनोची टर्बो फॉर्म्युला वन गाडी इतक्या वेळा धूर सोडत बंद पडे की तिला ‘पिवळी किटली’ असे टोपणनाव पडले होते.

२२/२४
एक शत्रू तरी मालकाच्या हाती उरलाच : ऑइल. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. जोरात गाडी हाणून लगेच इंजिन बंद केले की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये ते करपून कोळसा होते. जुने मेकॅनिक गाडी मिनिटभर निष्क्रिय चालवून मग बंद करा म्हणत, ते यासाठी. उत्तर पुन्हा तेच : बेअरिंगभोवती पाणी खेळवण्याची रचना आली, सिंथेटिक ऑइल आले. तरी इतिहास संपला नाही. थेट फवारणीच्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी फेऱ्यांवर अवेळी प्रज्वलनाचा नवा रोग दिसला आणि त्यासाठी २०१८ मध्ये इंजिन ऑइलचे मानकच सुधारावे लागले.

२३/२४
आपल्याकडे १९९८ मध्ये पुण्यात तयार झालेली टाटा सफारी टर्बो डिझेलवर घाट चढू लागली. पुढे रांजणगावच्या फियाट कारखान्यातून १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन निघाले आणि टर्बो ही सर्वसामान्य कुटुंबाच्या गाडीतली गोष्ट झाली. आज बोनेटखाली टर्बो आहे हे अनेकांना ठाऊकही नसते. त्या यंत्राचा याहून मोठा विजय कोणता? जेटफायरच्या मालकाला त्याची आठवण ठेवावी लागे. आजच्या मालकाला ती ठेवावी लागत नाही.

२४/२४
म्हणून, आपल्या गाडीला टर्बो बसवण्याची किंवा असलेल्या टर्बोचा दाब वाढवून घेण्याची स्वप्ने पाहणाऱ्या तरुण मित्रांनो, हा क्रम ध्यानात असू द्या : आधी उष्णता बाहेर काढण्याची सोय, मग ऑइल, मग नॉकिंगवर पहारा, मग इंधन आणि सर्वांत शेवटी दाब. ज्यांनी हा क्रम उलटा केला, त्यांच्या गाड्या संग्रहालयात सापडतात. ज्यांनी पाळला, त्यांच्या गाड्या रस्त्यावर दिसल्या. तुमच्या घरातली पहिली टर्बो गाडी कोणती, आणि ती किती किलोमीटर टिकली? खाली जरूर लिहा. धागा समाप्त.